अर्धी तलवार, अर्धं पुस्तक

माझ्या मामाच्या उजव्या हाताला करंगळी आहे आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट आहे. बाकीचं १९९४ साली भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसखाली गेलं. आमच्या घरात त्याबद्दल एवढंच बोलतात, "प्रेसवर हात गेला." पुढे कुणी काही विचारत नाही आणि मामाही सांगत नाही.

गेल्या दिवाळीत मी त्याला एक जुना हाँगकाँगी सिनेमा दाखवला. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला होता. मामा तरुणपणी व्हिडिओ पार्लरमध्ये कुंगफूचे पिक्चर बघायचा, त्यामुळे भाषा कळत नाही ही तक्रार नव्हती. सिनेमा होता 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन', १९६७ चा. आपल्या भाषेत सांगायचं तर थोटा तलवारबाज. लावताना मला जरा धाकधूक होती. मामाला वाईट वाटेल का? की मी मुद्दाम लावलाय असं वाटेल? (मुद्दामच लावला होता.)

गोष्ट अशी. फांग गांगचा बाप एका तलवारबाज गुरूचा नोकर. मालकाला वाचवताना तो मरतो. गुरू उपकाराची फेड म्हणून पोराला शिष्य करून घेतो. बाकीचे शिष्य पैसेवाल्या घरचे, ते याला नोकराचा पोरगा म्हणून टोचत राहतात. गुरूची मुलगीही त्यांच्यात. एका बर्फाळ रात्री ती रागाच्या भरात त्याचा उजवा हात खांद्यापासून छाटून टाकते. तो पळत सुटतो, पुलावरून खाली एका होडीत पडतो. होडी असते शाओ मान नावाच्या शेतकरी मुलीची. ती त्याला जगवते. तिच्याकडे वडिलांनी मागे ठेवलेलं तलवारीचं एक पुस्तक असतं, पण अर्धं जळालेलं. उरलेला भाग नेमका डाव्या हाताचा. फांग गांगकडे बापाची मोडकी तलवार असते, तीही अर्धीच. अर्धं पुस्तक, अर्धी तलवार आणि एक हात, एवढ्या सामानावर तो पुन्हा उभा राहतो.

इथे मामा पहिल्यांदा बोलला. "एवढ्या लवकर तलवार? मला शर्टाचं बटण लावायला वर्ष गेलं."

हा सिनेमा कुठून आला हे बघायला गेले तेव्हा मी बरीच मागे जाऊन पोचले. तोडलेल्या शरीराची आणि सुडाची गोष्ट चीनमध्ये फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सुन बिन नावाचा युद्धशास्त्राचा जाणकार होऊन गेला. पांग च्युआन त्याच्याबरोबर शिकलेला, पुढे वेई राज्याचा सेनापती झालेला. सुन बिन आपल्यापेक्षा हुशार आहे हे त्याला सहन होईना. त्याने खोट्या आरोपात अडकवून सुन बिनला शिक्षा घडवली. त्याला कायमचं पांगळं केलं आणि चेहऱ्यावर डाग गोंदवला. त्या शिक्षेचं नाव 'बिन'. म्हणजे ज्या नावाने तो इतिहासात ओळखला जातो, ते त्याच्या शिक्षेचं नाव आहे. आपल्याकडे 'लंगड्या', 'थोट्या', 'चकण्या' अशी नावं चिकटतात आणि मूळ नाव मागे पडतं, तसंच.

सुन बिन पळून ची राज्यात गेला. राजाने त्याला सेनापतीपद देऊ केलं. शिक्षा झालेला माणूस सेनापती शोभणार नाही, असं म्हणून त्याने ते नाकारलं आणि झाकलेल्या गाडीत बसून डावपेच आखले. मालिंगच्या लढाईत त्याने पांग च्युआनला गाठलं. माघार घेताना सैन्याने रोज चुली कमी मांडायच्या, पहिल्या दिवशी १ लाख, मग ५० हजार, मग ३० हजार. पाठलाग करणाऱ्याला वाटावं की सैनिक पळून चाललेत. पांग च्युआन घाईने पुढे आला आणि अरुंद खिंडीत बाणांखाली सापडला.

ही गोष्ट लिहून ठेवली सिमा च्येन या इतिहासकाराने. तोही शिक्षा भोगलेलाच. हरलेल्या एका सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राटाने त्याला खच्ची केलं होतं. अशा शिक्षेनंतर माणसाने जीव द्यावा अशी अपेक्षा असे. तो जगला, कारण पुस्तक पुरं व्हायचं होतं. सुन बिनचा ग्रंथ मात्र शतकानुशतकं हरवलेला होता. काही विद्वानांना तर तो कधी होता का, याचीच शंका होती. १९७२ मध्ये शान्तुंग प्रांतात यिनच्युएशान इथल्या थडग्यांत बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्यांत तो निघाला.

आणखी एक धागा लक्षात घ्यायला हवा. कन्फ्युशियसच्या परंपरेत शरीर ही आईवडिलांची ठेव मानतात. ती जशी मिळाली तशी सांभाळणं हे मुलाचं पहिलं कर्तव्य. त्यामुळे हात तुटणं ही नुसती इजा नसते, आईबापांपुढे मान खाली घालायला लावणारी गोष्ट होते. आता फांग गांगचा छाटलेला हात आणि बापाची मोडकी तलवार एकाच फ्रेममध्ये बघा. तिथल्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल याचा अंदाज येतो.

दिग्दर्शक चांग चे १९२३ सालचा. हाँगकाँगला येऊन सिनेमावर टीकालेखन करायचा, पटकथा लिहायचा, मग शॉ ब्रदर्सकडे लागला. तोवर हाँगकाँगच्या सिनेमात नाव चालायचं ते नट्यांचं. चांग चेला मर्दानी सिनेमा हवा होता. समोर जपानचं उदाहरण होतं. १९६२ पासून तिथे झातोइची या आंधळ्या मालिशवाल्या तलवारबाजाचे सिनेमे तुफान चालत होते. घरात चिन युंगच्या कादंबरीतला यांग कुओ होता. त्याचाही हात एका रागावलेल्या मुलीनेच तोडलेला. चांग चेने हे सगळं उचललं, नी क्वांगबरोबर पटकथा लिहिली आणि पोहण्यात नाव कमावलेल्या जिमी वांग यूला नायक केलं. त्याचा धडधाकट हात कपड्यांखाली दडवला. हा सिनेमा हाँगकाँगमध्ये १० लाख डॉलरची कमाई करणारा पहिला स्थानिक सिनेमा ठरला.

साल बघा, १९६७. त्या मे महिन्यात सान पो काँगमधल्या प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात कामगारांचा वाद पेटला. तो पसरत शहरभर गेला. संचारबंदी लागली, मोर्चे निघाले, लाठ्या चालल्या, नंतर रस्त्यांवर बॉम्ब सापडू लागले. त्या वर्षीच्या दंगलींत ५१ माणसं मेली. मागे चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीची धग होती. पण ठिणगी पडली ती कारखान्याच्या दारात. शहर कापड, विग, प्लास्टिकच्या खेळण्यांवर जगत होतं. तिकीट काढून अंधारात बसणाऱ्यांत दिवसभर मशीनवर उभी राहणारी पोरंही होती. पडद्यावर नोकराचा पोरगा, मालकाच्या मुलीने तोडलेला हात आणि त्यातून उभा राहिलेला माणूस. दिग्दर्शकाने ठरवून कामगारांचा सिनेमा केला असं मी म्हणत नाही. पण त्या उन्हाळ्यात बघणाऱ्याला तो काय वाटला असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण गोष्टीचा दुसरा भाग मामाला पचला नाही.

गुरूच्या शत्रूंनी एक हत्यार बनवलेलं असतं. ते समोरच्याची तलवार कुलपासारखी अडकवून ठेवतं, मग दुसऱ्या हाताने सुरा खुपसायचा. गुरूच्या पद्धतीची लांब तलवार त्यात हमखास अडकते आणि एकेक शिष्य मरतो. फांग गांगची तलवार मोडकी आणि आखूड, ती कुलपातून निसटते. जे उणं होतं तेच कामाला येतं. ही युक्ती खरंच सुंदर आहे. पण ती वापरून तो कुणाला वाचवतो? त्याच गुरूला. ज्या घरात हात गेला, त्याच घराला.

मामाने मोबाईल थांबवला. "हा परत कशाला गेला?"

मग तो स्वतःच गप्प झाला. कारण तोही परत गेला होता. बोटं गेल्यावर सात महिन्यांनी त्याच वर्कशॉपच्या गेटवर वॉचमन म्हणून. नऊ वर्षं. नुकसानभरपाई म्हणून काय मिळालं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. तो म्हणाला, "नोकरी दिली ना. सही घेतली आणि नोकरी दिली." थोड्या वेळाने, "उपकारच वाटले गं तेव्हा."

आई लहानपणी सांगायची, "मालक देवमाणूस, हात गेला तरी मामाला काढलं नाही." हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. फांग गांगचा गुरूही देवमाणूसच दाखवलाय.

चांग चे स्वतः या गोष्टीकडे परत परत आला. १९७१ मध्ये त्याने 'न्यू वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' केला. त्यातला नायक पैजेत हरून स्वतःच आपला हात तोडतो आणि खानावळीत वेटर होतो. एका हाताने ताटं उचलतो, टेबलं पुसतो, गुंडांची थट्टा गिळतो. मग १९७८ मध्ये 'क्रिपल्ड अव्हेंजर्स' आला. त्याचं चिनी नाव 'त्सान च्युए', म्हणजे मोडकं, अपुरं. माझ्या मते हा त्याचा या विषयावरचा सगळ्यात धीट सिनेमा.

यात खलनायकाच्या घरापासूनच सुरुवात होते. शत्रू येऊन तू नावाच्या श्रीमंत गुरूच्या बायकोला मारतात, लहान मुलाचे हात तोडतात. बाप मुलाला लोखंडी हात बसवून देतो. मुलगा मोठा होतो आणि बापलेक मिळून गावावर जुलूम करू लागतात. एका फेरीवाल्याचे डोळे जातात. लोहार मुका आणि बहिरा होतो. रस्त्यात नुसता धक्का लागला म्हणून एकाचे पाय जातात. त्यांच्यासाठी जाब विचारायला आलेल्या चौथ्याचं डोकं आवळून त्याची बुद्धी लहान मुलासारखी करतात. म्हणजे दुःख सोसलं की माणूस आपोआप चांगला होतो, ही समजूत सिनेमा पहिल्याच काही मिनिटांत मोडतो.

हे चौघे एकमेकांना धरून शिकतात. मुकाबहिरा आंधळ्याच्या तळहातावर बोटाने लिहून बोलतो. पाय गेलेल्याला लोखंडी पाय मिळतात. शेवटच्या मारामारीत शत्रू घंटा बडवून आंधळ्याचे कान निकामी करू बघतात, तेव्हा दुसरा त्याचे कान होतो. इथे वाचवायला कुणी गुरू नाही, फेडायचे उपकार नाहीत. आहेत ते चौघंच.

मात्र पडद्यावरचे हे चौघेही धडधाकट कसरतपटू. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, तैवानहून 'क्रिपल्ड मास्टर्स' आला. त्यात खरोखरचे अपंग नट होते. एकाला पूर्ण हात नाहीत, दुसऱ्याचे पाय वाळलेले. एकाच मालकाच्या क्रौर्यातून दोघं एकत्र येतात आणि शेवटी एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसून लढतो. परदेशात हा सिनेमा तमाशा म्हणून विकला गेला, हे खरंच. मीही पहिल्यांदा अवघडून बघितला. पण तो बिनहाताचा नट पायाने जे करतो, त्यात कॅमेऱ्याची लबाडी नाही. ते त्याने वर्षानुवर्षं घरी केलेलं आहे, हे दिसतं.

तो मी मामाला दाखवला. दहा मिनिटं तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "हा खरा." बस.

पहिल्या सिनेमाचा शेवट सांगायचा राहिला. जिंकल्यावर फांग गांग गुरूकडे थांबत नाही. शाओ मानबरोबर शेती करायला निघून जातो. मामाने विचारलं, "आणि एका हाताने नांगर कसा धरणार?" सिनेमात याचं उत्तर नाही. सिनेमा तिथे संपतो.

मामाकडे उत्तर आहे. गावाकडे त्याने स्वतःसाठी विळ्याची मूठ बदलून घेतली आहे. आखूड, जाड, डाव्या हाताची. निघताना त्याने ती मला पहिल्यांदाच हातात दिली. मी उजव्या हाताने धरून बघितली. धरता येईना.