कोलंबियाचें कवच आणि गणिताची मर्यादा

बाजारांत मडकें घेतांना जाणती गृहिणी तें बोटानें वाजवून पाहते. भाजलेला पदार्थ उष्णता सोसतो, दाब सोसतो. परंतु वांकणें त्याच्या स्वभावांत नाहीं. वांकण्याऐवजीं तो तडकतो, आणि तडा पुष्कळदां डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणूनच अशा पदार्थाचें वर्तन गणकयंत्रानें आधीं वर्तवावें, हा शास्त्रज्ञांचा प्रयत्न असतो. त्या प्रयत्नाची कठोर परीक्षा २००३ सालीं अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ ह्या अंतराळयानावर झाली.

कोलंबियाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा होता. सुमारें १७५ अंश सेल्सियसपलीकडील ताप त्याला मानवणारा नव्हता. परतीच्या वाटेवर तर यानाच्या कांहीं भागांचें तापमान १६०० अंशांच्या घरांत जाई. म्हणून यानाच्या अंगावर सिलिकेच्या तंतूंपासून भाजून केलेल्या २४,००० हून अधिक फरशा बसविलेल्या होत्या. पंखांच्या पुढील कडेला, जेथें ताप विशेष तीव्र, तेथें सिलिकॉन कार्बाइडचें आवरण चढविलेले कार्बनचे फलक होते.

१६ जानेवारी २००३ रोजीं उड्डाणानंतर सुमारें ८२ सेकंदांनीं इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. चित्रफितींत आघात दिसला, इजा दिसली नाहीं. तेव्हां अभियंत्यांनीं फरशांसाठीं ‘क्रेटर’ नांवाच्या गणिताचा आधार घेतला. तें गणित ज्या प्रयोगांवर पडताळलेलें होतें, त्यांतील तुकडे सुमारें ३ घन इंचांचे होते. आदळलेला तुकडा त्यांच्या शेंकडों पट मोठा होता. तरीही गणितानें धोक्याचेंच उत्तर दिलें : फरशीच्या जाडीहून खोल खड्डा पडूं शकेल. परंतु हें गणित इजा नेहमींच वाढवून सांगतें, असा पूर्वानुभव असल्यामुळें तें उत्तर सौम्य करून घेण्यांत आलें. फलकांसाठीं असलेलें दुसरें गणित बर्फाच्या आघातांवरून बसविलेलें होतें. फेस बर्फाहून हलका, म्हणून तेथेंही चिंता नको, असें ठरलें. पंखाचीं छायाचित्रें कक्षेंतच घ्यावीं, ही अभियंत्यांची मागणीही तडीस गेली नाहीं.

१ फेब्रुवारी रोजीं यान वातावरणांत शिरतांच डाव्या पंखांत तप्त वायु घुसला. टेक्ससच्या आकाशांत यान भंगलें आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यु पावले.

चौकशी सुरू असतां ७ जुलै रोजीं सॅन अँटोनियो येथें सुमारें ७५० ग्रॅम वजनाचा तसाच फेसाचा तुकडा वायुतोफेनें खऱ्या फलकावर मारण्यांत आला. फलकाला सुमारें ४० सेंटिमीटर रुंदीचें भगदाड पडलें. जें अशक्य मानलें होतें, तें एका आघातानें सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालें.

ह्याबद्दल गणकयंत्रास दोष देणें न्याय्य होणार नाहीं. गणित ज्या प्रयोगांतून जन्मतें, त्यांच्या सीमेपर्यंतच त्याचा शब्द प्रमाण असतो. सीमेपलीकडे तें विचारणाऱ्याच्या अपेक्षेलाच दुजोरा देऊं लागतें. २००५ सालीं उड्डाणें पुन्हां सुरू झालीं, तेव्हां यांत्रिक हाताला लांब दांडी जोडून कक्षेंतच कवचाची तपासणी होऊं लागली, आणि २०११ मध्यें हीं यानें निवृत्त होईपर्यंत ती रीत चालू राहिली. गणितें पुढें अधिक सूक्ष्म झालीं; पण मडकें वाजवून पाहण्याची गरज मात्र त्यांनीं संपविली नाहीं.