मरकत, पाचू आणि एमराल्ड : एका रत्ननामाचा प्रवास

परदेशातून वस्तू आली की तिच्याबरोबर तिचे नावही येते, हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे. बटाटा, चावी, तंबाखू हे शब्द पोर्तुगीजांच्या मालाबरोबर मराठीत आले आणि घरचे झाले. रत्नांच्या नावांचा इतिहास याहून थोडा निराळा असतो. रत्न प्रत्यक्ष पाहणारे थोडे, त्याचे नाव घेणारे पुष्कळ. म्हणून रत्नाचे नाव रत्नापेक्षा दूरवर पोचते. पाचूच्या बाबतीत हे विशेष रीतीने दिसून येते.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत संगणकावरील खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी आज हे रत्न ‘एमराल्ड’ या नावाने येते. ज्या खेळामुळे हे घडले तो ‘माइनक्राफ्ट’. मोयांग या स्वीडिश कंपनीचा हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यातील सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे असून खेळणारा जमीन खणून धातू व रत्ने मिळवितो. २०१२ साली त्यात पाचूच्या खनिजाची भर पडली. हे खनिज केवळ डोंगराळ प्रदेशात आणि बहुधा एकेका सुट्या ठोकळ्याच्या रूपात सापडते. ते काढण्यास निदान लोखंडी टिकाव लागतो. मिळालेल्या पाचूचा मुख्य उपयोग शोभेसाठी नव्हे, तर विनिमयासाठी होतो. गावातील शेतकऱ्याला गहू द्यावा व पाचू घ्यावा. तोच पाचू देऊन दुसऱ्याकडून पुस्तक वा हत्यार घ्यावे, असा तेथील व्यवहार आहे. आरंभी या कामासाठी माणकाची योजना होती. परंतु खेळात दुसरे एक तांबडे खनिज पूर्वीच होते आणि रंगांधळ्या माणसाला ही दोन्ही वेगळी ओळखणे कठीण, म्हणून हिरव्या रत्नाची निवड झाली.

खेळातील ही दुर्मिळता सर्वस्वी काल्पनिक नाही. पाचू म्हणजे वैदूर्यवर्गातील बेरिल हे खनिज. क्रोमियम किंवा व्हॅनेडियम यांच्या अल्प अंशाने त्याला हिरवा रंग येतो. बेरिलमधील बेरिलियम हे मूलद्रव्य बहुधा ग्रॅनाइटी खडकांच्या सहवासात, तर क्रोमियम अगदी निराळ्या जातीच्या गडद खडकांत आढळते. भूकवचाच्या उलथापालथीत या दोहोंची गाठ पडली तरच पाचू तयार होतो. ठाणे-कल्याणच्या परिसरातील काळा बेसॉल्ट लाव्ह्यापासून बनलेला आहे. त्याच्या उदरात पाचू नाही. राजस्थानातील खाणीही विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतरच उजेडात आल्या. तेव्हा कोकणात पाचू जेव्हा केव्हा दिसला, तेव्हा तो बाहेरून आलेलाच होता.

तो कोणत्या व्यापारातून येत असे, याचे एक साधन उपलब्ध आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सुवर्णकाराने दिलेल्या दानाचा लेखही आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्याने, जो पुढे भिक्षू झाला, आपल्या ग्रंथात दोन गोष्टी नमूद केल्या. पहिली अशी की, इथिओपियाचे व्यापारी ब्लेमी लोकांकडून पाचू मिळवून हिंदुस्थानात आणीत, येथील हूणांना तो फार प्रिय असे, आणि आलेल्या पैशातून ते व्यापारी मोलाचा माल खरेदी करीत. दुसरी अशी की, ‘कल्लियाना’ बंदरातून तांबे वा पितळ, इमारती लाकूड आणि कापड निर्यात होई. बहुतेक इतिहासकारांच्या मते हे बंदर म्हणजे आजचे कल्याण. पाचू कल्याणलाच उतरत असे, असे कॉस्मस म्हणत नाही. परंतु एकाच समुद्रावरील एकाच काळाचे हे व्यवहार आहेत. पाचू द्यावा व माल घ्यावा, ही खेळातली रीत त्या काळच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याला मुळीच नवी वाटली नसती.

आता नावांकडे वळावे. संस्कृतात या रत्नाला मरकत, गारुत्मत, अश्मगर्भ व हरिन्मणी अशी नावे आहेत. यांपैकी ‘मरकत’ हा शब्द मूळचा संस्कृत नसून पश्चिमेकडून आला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीक ‘स्मारागदोस’ आणि हिब्रू ‘बारेकेत’ हे त्याचे आप्त होत. त्यांच्या मुळाशी चमकणे या अर्थाचा सेमिटिक धातू असावा. ग्रीक शब्द अरबी-फारसीत ‘जुमुर्रुद’ झाला. लॅटिन व जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत ‘एमराल्ड’ झाला. म्हणजे डोंबिवलीतील मुलाच्या तोंडचा ‘एमराल्ड’ हा संस्कृत ‘मरकता’चाच दूरचा भाऊबंद ठरतो. एक समुद्रमार्गे दोन हजार वर्षांपूर्वी आला, दुसरा पडद्यावरून आज आला, एवढाच भेद.

मराठीचा ‘पाच’ अथवा ‘पाचू’ मात्र या घराण्यातला नाही. कन्नड ‘पच्चे’, तमिळ ‘पच्चै’ हे शब्द हिरवा रंग व पाचू या दोन्ही अर्थांनी येतात. मराठी शब्दाचा संबंध त्यांच्याशी जोडणे सयुक्तिक दिसते. फुलांच्या गजऱ्यात मरव्याबरोबर गुंफली जाणारी सुगंधी पानांची वनस्पती, तिलाही मराठीत ‘पाच’च म्हणतात, ही गोष्ट या अनुमानाला पोषक आहे. हिंदी ‘पन्ना’ हाही पर्णवाचक शब्दापासून आला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वसईस पाचूबंदर नावाची कोळ्यांची वस्ती आहे. परंतु केवळ नावाच्या साम्यावरून तेथे पाचूचा व्यापार होता असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

यावरून निष्पन्न होते ते असे : ‘एमराल्ड’ शब्द परका म्हणून त्याविषयी खेद करण्याचे कारण नाही, ‘मरकत’ही एके काळी तसाच परका होता. खेद करावयाचा तर निराळ्या गोष्टीचा. ‘मरकत’चे आप्त जगभर आहेत, एखादा लोपला तरी दुसरा उरेल. ‘पाचू’ हा दक्षिणेशी असलेल्या मराठीच्या जुन्या शेजाराचा साक्षीदार आहे, आणि तो जपणाऱ्या भाषा मोजक्या आहेत. पडद्यावरील हिरवा ठोकळा खणून काढणाऱ्या मुलाला घरातील कोणी ‘हा पाचू’ असे एकदा सांगितले, तरी त्या साक्षीदाराचे आयुष्य एका पिढीने वाढेल.