मध्यरात्रीची घंटा

शिष्टाचार म्हटला की पुष्कळांच्या मनात कोरडेपणाची छटा उमटते. नमस्कार, कुशलप्रश्न, आसन, विडा हे सारे उपचार म्हणून उरकले जातात, हा आक्षेप सर्वस्वी खोटाही नाही. परंतु यजमान पंगतीतून फिरत ‘सावकाश होऊ द्या’ असे म्हणतो, त्या ठराविक शब्दांना अर्थ येतो तो पानात पडलेल्या अन्नामुळे. मागे पातेल्यात भात नसेल तर ते शब्द उपहासाचे ठरतील. उपचाराला अन्नाचे तारण लागते. हा विचार एका राज्याने किती कसोशीने पाळला होता, त्याची हकीकत महाराष्ट्राबाहेर वास्तव्य करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना विशेष जवळची वाटावी.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट याच मुलखातून जाई. उत्तरेकडून आलेला यात्रिक येथवर पोहोचेतो थकलेला, पैशाने रिता झालेला आणि भाषेने मुका झालेला असे. त्याच्यासाठी भोसले राजांनी वाटेवर छत्रे उभारली आणि त्यांच्या खर्चाला गावे लावून दिली. प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतील (१७३९–१७६३) नीडामंगलमचे यमुनांबा छत्र आणि सरफोजी महाराजांनी १८०२ साली ओरत्तनाडू येथे बांधलेले मुक्तांबा छत्र ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. अनेक छत्रांना राजस्त्रियांची नावे दिलेली आढळतात. ज्या घरी अन्न मिळावयाचे, ते घर एखाद्या गृहिणीच्या नावाने ओळखले जावे, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजींकडे किल्ला, नेमणूक आणि मानमरातब एवढेच राहिले. अशा वेळी १८०१ साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास एक पत्र लिहिले. छत्रांची व्यवस्था आपल्याच हाती राहावी, ही त्यातील विनंती. सरकारी पत्रव्यवहारात ज्यांचे दिवस जातात, त्यांनी तर हे पत्र अवश्य पाहावे. त्यात हक्कांची लांबण थोडी आणि छत्रात काय चालते याचा तपशील फार.

त्या तपशिलाचा आशय असा. ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्व जातींच्या व धर्मांच्या प्रवाशांस, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांस शिजविलेला भात मिळे. शिजविलेले ज्याला चालत नसेल त्याला मसाल्यासह कोरडा शिधा देत. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई, की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, त्याच्यासाठी भात तयार आहे. आजारी प्रवाशाची तो बरा होईपर्यंत शुश्रूषा होई. मुलांना दूध मिळे. गर्भवती स्त्री तेथेच प्रसूत झाली तर तिला तीन महिने राहण्याची मुभा असे. कोणी वाटेतच मरण पावला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होत.

या व्यवस्थेचा गौरव करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. सर्वांना अन्न मिळे, म्हणून सर्वजण एका पंक्तीस बसत असे मानण्याचे कारण नाही. भेदाभेद त्या काळाला सुटलेले नव्हते. तरीही या नियमांत शिष्टाचाराचे मर्म सापडते. शिध्याच्या सोयीत पाहुण्याच्या आचाराचा मान आहे: आमचे अन्न का खात नाहीस, असा जाब त्याला कोणी विचारीत नाही. घंटेत तर त्याहून सूक्ष्म जाणीव आहे. भुकेला मनुष्य अनेकदा संकोची असतो, उशिरा पोहोचलेला तर अधिकच. त्याने दार ठोठावून मागावे, ही वेळच घंटा येऊ देत नाही. मागण्याचा कमीपणा यजमानाने आपल्या पुकाऱ्याने पुसून टाकावयाचा, हाच आतिथ्याचा गाभा होय.

आपला प्रांत छत्रांच्या दानधर्मासाठी सर्वत्र विख्यात आहे, आणि हा लौकिक आपल्याला भूषणास्पद वाटतो, असा भाव सरफोजींनी त्या पत्रात व्यक्त केला आहे. सत्ता गेलेल्या राजाने सांभाळावयास मागितले ते यजमानपण. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि ती गादीही संपली.

आम्ही बदलीच्या गावी जातो तेव्हा परक्या भाषेत कोणीतरी आम्हांस ‘जेवलात का?’ असे विचारतो. तो प्रश्न आम्ही रीत म्हणून ऐकतो आणि रीत म्हणून ‘हो’ म्हणतो. तंजावरच्या वाटेवर एके काळी तोच प्रश्न घंटेच्या नादाने विचारला जाई, आणि उत्तर ‘नाही’ आले तर भात तयार असे. आमच्या दाराशी नव्याने बदलून आलेल्या शेजाऱ्याला हा प्रश्न विचारताना, चुलीवर काय आहे ते आधी पाहून ठेवावे, एवढे तरी आम्ही त्या राजांकडून शिकावयास हरकत नाही.