नाक्यावर भरलेला पैसा परत कुणाला?

टेंभी नाक्यावर जमून जकातीचा इतिहास ऐकायचा, तर सुरुवात 'नाका' या शब्दापासूनच करू. नाका म्हणजे नुसता चौक नव्हे. वाट अडवून मालावर जकात घेत, तोही नाकाच. आजचा आपला प्रश्न साधा आहे. नाक्यावर पैसे भरतो एक, सोसतो दुसरा. मग ते परत मिळायची वेळ आली, तर मिळावेत कुणाला?

पूर्वी घाटावरचा माल बंदरात पोचेपर्यंत त्याला वाटेत ठिकठिकाणी जकात द्यावी लागे. व्यापारी ती किमतीत धरी. कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात ही वाटेवरची जकात १८३८ च्या कायद्याने बंद केली; बंदरावरची ठेवली. शहरांची जकात पुढे नगरपालिकांच्या रूपाने पुन्हा आलीच. ठाण्यात ती २०१३ पर्यंत होती, मुंबईत २०१७ साली जीएसटी येईपर्यंत. मुलुंड नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आपल्यातल्या अनेकांनी पाहिल्यात.

त्या जकातीतही परतावा होता बरं का. शहरात आणलेला माल ठरलेल्या मुदतीत बाहेर गेला, तर भरलेली रक्कम मागता येई. पण पावती हवी, आणि माल तोच आहे हे पटवायला हवं. परदेशी मालाचा नियमही याच वळणाचा आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम ७४ म्हणतं, आयात केलेला माल ओळख पटवून परत बाहेर पाठवला, तर ९८ टक्क्यांपर्यंत शुल्क परत मिळू शकतं. यालाच ड्रॉबॅक म्हणतात.

आता हिशोब करून बघू. समजा, माल १००० रुपयांचा. मूळ शुल्क १० टक्के, म्हणजे १००. त्या शंभरावर समाजकल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे १०. झाले १११०. त्यावर आयजीएसटी १८ टक्के धरला, तर १९९ रुपये ८० पैसे. एकूण १३०९ रुपये ८० पैसे. म्हणजे करावरही कर लागतो. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आयजीएसटीची वजावट मिळते. वरचे ११० रुपये मात्र तो किमतीत मिळवतो, आणि शेवटी ते गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात.

समजा, पुढे कळलं की शुल्क चुकून जास्त घेतलं होतं. व्यापारी म्हणतो, पावती माझ्या नावाची आहे, पैसे मला द्या. पण त्याने ते आधीच गिऱ्हाइकाकडून वसूल केलेत! म्हणजे एकाच रकमेचे दोनदा पैसे. यावर १९९१ साली कायदा बदलला: बोजा पुढे ढकललेला आहे असंच धरायचं, आणि तसं नाही हे मागणाऱ्याने सिद्ध करायचं. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हेच तत्त्व उचलून धरलं. सिद्ध झालं नाही, तर रक्कम ग्राहक कल्याण निधीत जाते.

व्यापाऱ्याला फुकटचा लाभ नाही, हे योग्यच. पण ज्याने खरोखर सोसलं, त्या गिऱ्हाइकाच्या हातात तरी काय पडलं? कायदा त्यालाही परतावा मागू देतो. फक्त त्याच्या बिलावर शुल्काचा आकडा बहुधा नसतोच, मग दाखवणार काय? निधी सगळ्यांचा, म्हणजे नेमका कुणाचाच नाही.

एक वाट मात्र आपल्यासाठी मोकळी आहे. स्वतःच्या वापरासाठी परदेशातून वस्तू मागवली आणि शुल्क जास्त लागलं, तर कलम २७ प्रमाणे परतावा थेट आपल्याला मिळू शकतो. अर्ज साधारणपणे एका वर्षाच्या आत करायचा. हरकत नोंदवून शुल्क भरलं असेल, तर ही मुदत लागू होत नाही. तेव्हा शुल्काची पावती जपून ठेवा. नाके बदलले, पण पावती नसलेल्या माणसाची अडचण तीच राहिली आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.