बँकेने कापलेले कोणते शुल्क परत मागता येते?

बारामती : बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक बचत खात्यांत वर्षभर सारखी शिल्लक नसते. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी किंवा नीरा भीमा कारखान्याला ऊस गेल्यानंतर बिलाची रक्कम हप्त्यांनी जमा होते. त्यातून सोसायटीचे कर्ज वळते होते, उरलेले पैसे खते, मजुरी आणि घरखर्चात जातात आणि पुढील हप्त्यापर्यंत खाते जवळजवळ रिकामे राहते. नेमक्या याच काळात पासबुकात किमान शिल्लक दंड, संदेश शुल्क, एटीएम शुल्क अशा नोंदी उमटतात. रक्कम लहान असल्याने बहुतेक खातेदार विचारणा करीत नाहीत. मात्र यांतील काही रकमा नियमाने परत मागता येतात.

त्यासाठी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. शुल्क जास्त वाटते, एवढ्या कारणाने ते परत मिळत नाही. ते नियम मोडून घेतलेले असावे लागते. सेवाशुल्काचे दर ठरविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांनाच दिलेली आहे. ब्रिटनमध्ये खात्यातून जादा उचल झाल्यास लागणाऱ्या शुल्काविरुद्ध हजारो ग्राहक उभे राहिले होते. पण नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बँकांच्या बाजूने लागला. म्हणून तक्रार करताना दरावर नव्हे, तर मोडलेल्या नियमावर बोट ठेवणे हिताचे ठरते.

किमान शिल्लक

व्यापारी बँकांसाठी याबाबतचे नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. शिल्लक कमी झाल्यास बँकेने खातेदारास लघुसंदेश, ई-मेल किंवा पत्राने तसे कळवावे लागते. ती भरून काढण्यासाठी सूचनेपासून किमान एक महिन्याची मुदत द्यावी लागते. दंड सरसकट नसावा, जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात असावा. केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. सूचना न देता केलेली कपात किंवा खाते उणे करणारी कपात परत मागण्यास हा भक्कम आधार आहे. निष्क्रिय झालेल्या खात्यावर हा दंड घेता येत नाही आणि असे खाते पुन्हा सुरू करण्यासाठीही शुल्क घेता येत नाही.

सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केल्याची माहिती संसदेत देण्यात आली होती. भारतीय स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्ये रद्द केला. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही बचत खात्यांवरील दंड थांबविला. मात्र ही सवलत जाहीर झालेल्या तारखेपासून पुढे लागू होते. आधीची कपात केवळ त्या आधारे परत मिळत नाही.

वारंवार रिकामे राहणारे खाते मूलभूत बचत खात्यात बदलून घेणे हा कायमचा उपाय आहे. जनधन खाती याच प्रकारची असतात. त्यांना किमान शिल्लकेची अट नसते आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. औद्योगिक वसाहतीतील कामगारांनी आणखी एक बाब पाहावी. नोकरी सुटून पगार जमा होणे थांबले, की पगार खात्याचे रूपांतर साध्या बचत खात्यात होऊ शकते आणि किमान शिल्लकेची अट लागू होते.

एटीएम

अन्य बँकेच्या एटीएमवर मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद येथे महिन्यास तीन व्यवहार विनाशुल्क असतात, तर इतरत्र पाच. त्यामुळे बारामती, इंदापूर आणि पुणे शहरातही मर्यादा पाच व्यवहारांची आहे. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवरही किमान पाच व्यवहार विनाशुल्क असतात. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहारास कमाल २३ रुपये आणि त्यावर कर आकारता येतो. यंत्रातील बिघाडामुळे किंवा यंत्रात रोकड नसल्याने फसलेला व्यवहार मात्र या मोजणीत धरता येत नाही. तो धरून शुल्क लावले असल्यास ते परत मागावे.

पैसे हाती न येता खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांत ते आपोआप परत जमा झाले पाहिजेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देणे बँकेवर बंधनकारक आहे. हा नियम १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू असून भरपाईसाठी वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. प्रत्यक्षात ती जमा झाली की नाही, हे पासबुकात तपासणे उत्तम.

लघुसंदेश, विमा आणि पीककर्ज

लघुसंदेशाचे शुल्क प्रत्यक्ष पाठविलेल्या संदेशांच्या प्रमाणात असावे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये बँकांना कळविले. ४३६ आणि २० रुपयांच्या वार्षिक नोंदी अनुक्रमे पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनांच्या हप्त्याच्या असतात. त्या शुल्क नसल्या, तरी खातेदाराची संमती आवश्यक असते. संमती दिल्याचे स्मरत नसेल, तर संमतिपत्राची प्रत मागावी. बँक ती दाखवू शकली नाही, तर हप्ता परत मागावा.

किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर प्रक्रिया, कागदपत्रे आणि तपासणी यांचे शुल्क घेऊ नये, असा सल्ला इंडियन बँक्स असोसिएशनने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना दिला. तो सल्ला आहे, आदेश नव्हे. तरीही अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा.

तारखेचे महत्त्व

नियम कोणत्या तारखेपासून लागू झाला, यावर परतावा किती अवलंबून असतो, हे भारतीय स्टेट बँकेच्या मूलभूत खात्यांच्या प्रकरणात दिसले. महिन्यातील चार व्यवहारांनंतर यूपीआय आणि रुपे कार्डाच्या व्यवहारांवरही १७ रुपये ७० पैसे, म्हणजे १५ रुपये आणि १८ टक्के कर, कापले जात होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० रोजी अशा प्रकारचे शुल्क १ जानेवारी २०२० पासून परत करण्यास बँकांना सांगितले. त्यानुसार बँकेने सुमारे ९० कोटी रुपये परत केले. त्याआधीचे सुमारे १६४ कोटी रुपये परत झाले नसल्याचे आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आशिष दास यांच्या २०२१ मधील अहवालात नमूद होते.

तक्रार कोठे करावी

प्रथम शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्जात नोंदीची तारीख, रक्कम आणि मोडलेला नियम लिहावा. शुल्कावर आकारलेला कर परत मागण्यासही विसरू नये. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास विलंब न लावता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. तक्रार संकेतस्थळावर किंवा टपालाने पाठविता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

ग्रामीण खातेदारांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही लोकपालाच्या कक्षेत आल्या. त्यामुळे पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खातेदारांनाही हा मार्ग खुला झाला. ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका आधीपासूनच या कक्षेत आहेत. पतसंस्था मात्र बँका नसल्याने त्यांच्याविषयीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी लागते. याशिवाय कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

या सर्वांसाठी लागणारा मुख्य पुरावा म्हणजे अद्ययावत पासबुक. दर तीन महिन्यांनी ते भरून घेऊन कपातीच्या नोंदी तपासल्यास मुदत उलटण्याआधी चूक लक्षात येते.