मोटार वाहन कराची थकबाकी (महाराष्ट्र)

मोटार वाहन कराची थकबाकी म्हणजे विहित मुदतीत न भरलेला वाहन कर व त्यावर आकारले जाणारे व्याज होय. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५७व्या नोंदीनुसार वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्रात हा कर १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमानुसार आकारला जातो.

स्वरूप

अमेरिकेतील काही राज्यांत वाहन ही मालमत्ता मानून तिच्या मूल्यावर दरवर्षी कर घेतला जातो. महाराष्ट्रात खाजगी दुचाकी व मोटारींवर सामान्यतः नोंदणीच्या वेळी एकरकमी कर घेतात. म्हणून थकबाकीचा प्रश्न मुख्यतः ठरावीक मुदतीने कर भरणाऱ्या वाहतूक वाहनांबाबत उद्भवतो. ठाणे जिल्ह्यातील खारबाव हे गाव गोदामे व मालवाहतुकीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवंडी तालुक्यात आहे. येथील मालवाहू वाहनांचा कर राज्याच्या परिवहन विभागाकडे भरावा लागतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी यापासून वेगळी आहे. ग्रामपंचायत अधिनियमात सायकली व जनावरांनी ओढल्या जाणाऱ्या वाहनांवरील कराची तरतूद आहे. मोटार वाहन कर मात्र ग्रामपंचायतीच्या कक्षेत येत नाही.

व्याज व वसुली

थकीत करावर दरमहा २ टक्के दराने व्याज आकारले जाते. उदाहरणार्थ, १०,००० रुपये कर थकल्यास महिन्याला २०० व वर्षाला २,४०० रुपये व्याज होते. ५० महिन्यांत व्याज मूळ कराइतके होते. थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. कर भरल्याखेरीज योग्यता प्रमाणपत्र, परवान्याचे नूतनीकरण व मालकी हस्तांतरण ही कामे अडतात.

वापरात नसलेले वाहन

नादुरुस्त वाहन उभे असले, तरी कराची आकारणी आपोआप थांबत नाही. ते वापरात राहणार नसल्याची सूचना मालकाने कराचा कालावधी सुरू होण्यापूर्वी, वाहन उभे करण्याच्या जागेसह, परिवहन कार्यालयास द्यावी लागते. अशी सूचना नसल्यास बंद वाहनावरही कर व व्याज साचत जाते.

मालकी बदलल्यास

मालकी बदलल्यावर पूर्वीच्या थकबाकीचे दायित्व नव्या मालकावरही येऊ शकते. त्यामुळे जुने मालवाहू वाहन विकत घेण्यापूर्वी कर कोणत्या तारखेपर्यंत भरला आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.