त्रिभुज प्रदेशातील नैसर्गिक वायूचा भूकंपीय शोध

नदी समुद्रास मिळते तेथे साचलेल्या गाळात अडकलेल्या नैसर्गिक वायूचा कृत्रिम भूकंपीय तरंगांच्या परावर्तनावरून छडा लावण्याची पद्धती. अशा गाळात वाळू व चिकणमाती यांचे थर आलटून पालटून असतात. वाळूच्या छिद्रांत वायू साठतो आणि वरची अपार्य (वायू झिरपू न देणारी) माती त्यास कोंडून धरते.

परावर्तन पद्धतीची पहिली चाचणी जे. सी. कार्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथे घेतली. स्फोटाने निर्माण झालेले तरंग परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून थरांची खोली व घडण ठरविणे, एवढाच तिचा हेतू होता. थरात पाणी आहे की वायू, हे विहीर खणल्यावाचून कळत नसे. याचे एक कारण उपकरणांतच होते. नोंदी सुवाच्य व्हाव्यात म्हणून क्षीण तरंग वाढविले जात आणि प्रबळ तरंग दडपले जात. म्हणजे जी खूण शोधावयाची तीच पुसली जाई! १९६०–७० या दशकात अंकीय नोंदणी रूढ झाली व तरंगांचा परमप्रसर (कंपनाची कमाल व्याप्ती) मूळ प्रमाणात राखता येऊ लागला. मिसिसिपी नदीच्या गाळाने भरलेल्या मेक्सिकोच्या आखातात काही परावर्तने विलक्षण ठळक असल्याचे शेल ऑइल कंपनीच्या भूभौतिकीविज्ञांना दशकाअखेरीस आढळले. वायूमुळे भुसभुशीत वाळूतील तरंगवेग व घनता घटून परावर्तन जोमदार होते. यांस ‘ठळक ठिपके’ हे नाव मिळाले.

मात्र ठळकपणा म्हणजे विपुलता नव्हे. छिद्रांतील पाण्यात थोडा वायू मिसळला, तरी तरंगवेग जवळजवळ भरपूर वायूइतकाच घटतो, हे एस. एन. डोमेनिको यांनी १९७०–८० या दशकात दाखविले. तरंगांच्या आपतन कोनानुसार परमप्रसर कसा बदलतो, यावरून वायुयुक्त वाळू ओळखण्याची रीत डब्ल्यू. जे. ऑस्ट्रँडर यांनी १९८४ मध्ये मांडली. तिने फसवी परावर्तने पुष्कळशी वगळता आली, परंतु वायू किती आहे या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर तिच्याकडूनही मिळाले नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी व महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा यांनी आंध्र किनाऱ्यापुढे फार मोठा गाळ टाकला आहे. तेथील खोल समुद्रात २००२ मध्ये मोठा वायुसाठा सापडला. हा वायू समुद्रतळावरील प्राचीन प्रवाहमार्गांतील वाळूत होता. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. पण पुढील वर्षीच ते घसरू लागले, विहिरींत पाणी शिरले आणि साठ्याचा अंदाज पुष्कळच खाली आणावा लागला. त्या पहिल्या क्षेत्रांतील उत्पादन २०२० मध्ये थांबले.